एकसष्टावा नंबर

अंबडच्या एमआयडीसीत बटणं, प्लग आणि सॉकेट बनवणाऱ्या एका कंपनीत एकसष्ट कॉम्प्युटर होते आणि त्या एकसष्टांची उस्तवार करायला माणूस एकच, कुंदन गव्हाणे. वय चोवीस, गाव घोटीच्या पलीकडे, केस तेल लावून चापून बसवलेले. पदाचं नाव 'सिस्टीम इन-चार्ज' असं भारदस्त, पण नोकरी कच्ची. मे महिन्यात कायम करू, असं गाजर दाखवून त्याला वर्षभर पळवत ठेवला होता.

साल २००४. आदल्या दिवाळीपासून एक नवी कटकट सुरू झाली होती. ज्या अमेरिकन कंपनीच्या जिवावर हे सगळे कॉम्प्युटर चालत, ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्याच मालातली भोकं जाहीर करायची आणि ती बुजवायला ठिगळं द्यायची. त्यांना पॅच म्हणायचं. नाशकात तोवर बुधवार उजाडलेला असे. कुंदन फोनच्या लाइनवरून मुंगीच्या गतीने ती ठिगळं उतरवून घ्यायचा, सीडीवर चढवायचा आणि सीडी घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा. एका कॉम्प्युटरला अर्धा तास. मधेच कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, कुणाचा माउस मरायचा. सगळी कंपनी ठिगळून होईस्तोवर तीन आठवडे जात. म्हणजे आधी कोण, नंतर कोण हे ठरवणं आलं, कारण मागे राहिलेला तितके दिवस उघड्यावर राहणार.

पहिली यादी कुंदनने अकलेने केली होती. पहिला नंबर गेटवरच्या हजेरीच्या कॉम्प्युटरचा. कंपनीतले बाकीचे कॉम्प्युटर तसे घरात होते, गेटचा मात्र ओट्यावर. त्याला ठेकेदाराच्या ऑफिसातून थेट फोन जोडलेला होता; ठेकेदार रोज संध्याकाळी त्या वायरीतून आपल्या ठेक्यावरच्या कामगार बायकांची हजेरी ओढून घ्यायचा, आणि तिकडून काय घाण आत येईल याचा नेम नव्हता. त्याखाली सर्व्हर, मग अकाउंट्स, मग बाकीचे. सगळ्यात शेवटी मोठ्या साहेबांचा, कारण त्यावर पत्त्यांच्या डावापलीकडे काही चालत नव्हतं. ही यादी त्या शहाण्याने नोटीस बोर्डावर लावली.

तासाभरात पर्सोनेलचे मॅनेजर हर्षल निकुंभ यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कुणाला कायम करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे त्यांच्या हातात असे. स्वभावाने गोड माणूस. लोकांचा गळा कापतानाही चहा विचारणारा.

"गव्हाणे, गेटवर कोण बसतं?"

"लहानू, सर. वॉचमन."

"लहानूचा नंबर पहिला. माझा एकोणतीस. मोठ्या साहेबांचा एकसष्ट. तुमच्याकडे लग्नात असंच वाढतात का रे? वाजंत्रीवाले पहिल्या पंगतीला आणि नवरदेवाचा मामा खरकटी उचलल्यावर?"

"सर, ते मानाचं नाही. धोका कुणाला जास्त आहे त्याप्रमाणे—"

"धोका तुझ्या कन्फर्मेशनला आहे," निकुंभ हसून म्हणाले. "चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी यादी बदलली. मोठे साहेब एक नंबर. गंगापूर रोडच्या बंगल्यावरचा बाईसाहेबांचा दोन नंबर, चिरंजीवांचा गेम खेळायचा तीन नंबर, निकुंभ चार. मग परचेसवाल्याला सेल्सवाल्याच्या आधी का, म्हणून रुसवाफुगवी झाली. एकाने तर दोन दिवस कुंदनशी बोलणं टाकलं. ठिगळ म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं, पण ते शेजारच्या टेबलाच्या आधी आपल्याला मिळालं पाहिजे, एवढं सगळ्यांना कळत होतं. आणि गेट गेलं एकसष्टाव्या नंबरावर. लहानूने कशाला रुसायचं आणि कुणावर?

आता त्या गेटच्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. त्यात ठेक्यावरच्या त्रेचाळीस बायकांचे दिवस होते. पॅकिंग खात्यातल्या या बायका कितीही वर्षं राबल्या तरी नव्याच. कारण वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बाई कायमपणाचा हक्क सांगू शकते, म्हणून दोनशेच्या आसपास आल्या की कंपनी त्यांना महिनाभर घरी बसवायची. त्याला 'ब्रेक' म्हणायचं. परत आल्या की मोजणी एकपासून. पण गेल्या जुलैत सिंहस्थाच्या धामधुमीत माणसं मिळेनात म्हणून सगळ्यांना एकदम बोलावलं, आणि यंदा मार्चात परदेशी मालाची अशी घाई उडाली की निकुंभसाहेब ब्रेक द्यायचाच विसरले. बायका विसरल्या नव्हत्या.

त्या त्रेचाळिसांतली एक सरुबाई. कुंदनची सख्खी मावशी. कामटवाड्यात तिच्या दोन खोल्या, त्यातली एक कुंदनला दिलेली. कंपनीत जागा निघाल्याचं त्याला तिनेच सांगितलं होतं, मुलाखतीला जाताना शर्टाला इस्त्रीही तिनेच केली होती. नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी भाच्याने सांगितलं, "मावशी, कंपनीत नातं दाखवू नको. मला 'साहेब' म्हणायचं, मी तुला 'बाई' म्हणेन."

दुसरी एखादी रागावली असती. सरुबाईला त्याची गंमतच वाटली. कुंदन रोज सकाळी गेटवर कॉम्प्युटर नीट चालू झाला का बघायला उभा असे. सरुबाई कार्ड घासायची आणि डोळे मिचकावून विचारायची, "लागला का दिवस, साहेब?"

"लागला, बाई."

घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज काडीने निळीचा एक ठिपका द्यायची. पूर्वी कागदाची हजेरीपुस्तकं होती तेव्हा ठेकेदार खाडाखोड करायचा. आता पुस्तकं बंद झाली होती. कॉम्प्युटर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं कुंदननेच तिला छाती फुगवून सांगितलं होतं.

"कुंदन्या, माझे दिवस हायेत ना रं नीट त्या डब्यात?"

"आहेत गं. दर शुक्रवारी मी त्यांची एक वेगळी सीडीपण काढून ठेवतो." हे खरं होतं. त्याला कुणी सांगितलेलं नसताना तो हे काम करायचा. या गोष्टीत त्याचं कौतुक करण्याजोगं एवढंच आहे.

एप्रिलचं ठिगळ आलं ते नेहमीचं नव्हतं. बरोबरचा मजकूर कुंदनने दोनदा वाचला. हे भोक असं होतं की कुणी काही उघडायची, दाबायची गरज नव्हती. वायर जोडलेली असली की पुरे, रोग आपोआप आत. तो निकुंभांकडे गेला. म्हणाला, सर, या एका महिन्यात गेट पहिलं करू द्या.

"आणि मोठ्या साहेबांना काय सांगू? तुमच्या आधी वॉचमनला मान दिला म्हणून?"

"कुणाला कळणार नाही, सर."

"मला कळलं ना. तुझी फाइल पुढच्या आठवड्यात सहीला जाते, गव्हाणे. शांत राहा."

कुंदन शांत राहिला. बंगल्यापासून सुरुवात केली आणि उतरत उतरत तीस एप्रिलच्या शुक्रवारपर्यंत अठ्ठावन्न उरकले. राहिले तीन, त्यातले स्टोअरचा आणि कँटीनचा कुठल्या वायरीलाच जोडलेले नव्हते. सकाळी त्याने हजेरीची सीडी काढली, तिच्यावर पेनने '३० एप्रिल, गेट' असं लिहिलं. दुपारी तीनला ठिगळांची सीडी हातात घेऊन तो गेटकडे निघाला. अंगण ओलांडायचं बाकी होतं, तेवढ्यात मागून हाक आली. बंगल्यावरून फोन होता. चिरंजीवांच्या गेममधला बंदुकीचा आवाज बंद पडला होता.

लहानूने त्याला वळताना पाहिलं. "साहेब, आपल्याकडं येत व्हते ना?"

"सोमवारी," कुंदन म्हणाला आणि गंगापूर रोडला गेला. बंदुकीचा आवाज त्याने संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त केला. मग एक मेची सुट्टी आली आणि तिला जोडून रविवार.

रविवारी सरुबाईने ठिपके मोजले. दोनशे अडतीस. "सोमवारी एक, मंगळवारी एक. बुधवारी मी ताठ मानेनं जाते बघ. त्या निकुंभ्याला म्हणते, आता काढून दाखव." त्या दिवशी तिने पुरणपोळी केली. पाहुणा कुणी नव्हता, सण नव्हता.

सोमवारी सकाळी गेटवर बायकांची रांग जागची हलेना. कॉम्प्युटर चालू व्हायचा, पडद्यावर साठ सेकंदांचं उलटं घड्याळ यायचं आणि शून्यावर येऊन तो आपोआप बंद पडायचा. पुन्हा चालू, पुन्हा साठ. कुंदनला बघताक्षणी कळलं. ठेकेदाराच्या ऑफिसातून रोग आत आला होता. त्याने फोनची वायर उपटली, नेटवर्कची उपटली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. या वेळी घड्याळ आलं नाही. त्याने हजेरी उघडली. त्रेचाळीस नावं, प्रत्येकीपुढे आकडा, सगळं जिथल्या तिथे. हा रोग यंत्राला फेफरं आणत होता, आतल्या कागदांना हात लावत नव्हता.

लहानू त्याच्या खांद्यावरून वाकला. "ही बघा सरुबाई. दोनशे अडतीस. हाय की सगळं!"

कुंदन जवळजवळ पळतच निकुंभांकडे गेला. "सर, काही गेलेलं नाही. अर्धा-पाऊण तास द्या, ठिगळ लावतो आणि—"

निकुंभांनी उठून केबिनचं दार लावलं. त्यांचा चेहरा एप्रिलभर उतरलेला होता, तो आज पहिल्यांदा जरा उजळला होता.

"गव्हाणे, व्हायरस आला की डेटा जातो."

"नाही सर, हा व्हायरस तसला—"

"जातो. पेपरात रोज येतं. सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी खण उघडला आणि एक टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. वर कुंदनचं पूर्ण नाव, खाली सहीची जागा मोकळी. "मार्चात ब्रेक द्यायचा राहून गेला माझ्याकडून. उद्या त्रेचाळीस जणी दोनशे चाळीसवर जातायत. आज नुसतं घरी बसवलं तर हाच दोनशे अडतीसचा आकडा दाखवून कोर्टात जातील. मोठे साहेब मला उभा सोलतील. आणि मी सोललो गेलो तर या कागदावर सही कोण करणार? दुसरीकडे कुठे ही हजेरी आहे?"

"ठेकेदाराकडे."

"तो आपलाच आहे. अजून?"

इथे कुंदनला गप्प बसता आलं असतं. पण साहेबांनी विचारलं की खरं सांगायचं, ही त्याला सवय. "शुक्रवारची सीडी आहे, सर. कपाटात."

"होती," निकुंभ म्हणाले. "मोडून टाक. कॉम्प्युटर साफ कर, नव्याने सगळं चढव. अकराच्या आत मला लेखी दे की व्हायरसमुळे माहिती नष्ट झाली, परत मिळू शकत नाही. चहा घेऊन जा."

त्याने चहा घेतला. मग खाली आला, लहानूला बाहेर उभं केलं आणि गेटच्या केबिनचं दार लावून घेतलं. कॉम्प्युटर साफ करायचा हुकूम दिला की तो एकदा विचारतो, नक्की का? कुंदनने 'हो' दाबलं. टक्के वाढत गेले. खिडकीच्या जाळीतून रांग दिसत होती. सरुबाई पुढून चौथी होती, हातातल्या कार्डाने वारा घेत होती. त्याला रडू आलं म्हणतात. आलं असेल. मला त्याची कीव करायला जमत नाही. रडता रडता त्याने शंभर टक्के होऊ दिले.

सीडी मात्र त्याच्याने मोडवेना. मोडायला लागते तेवढीही धमक नव्हती आणि ठेवायला लागते ती तर नव्हतीच. त्याने ती पिशवीत तळाला सरकवली आणि मोडली म्हणून सांगितलं.

"व्हायरसने सगळं खाल्लं," त्याने रांगेला सांगितलं.

"माझे बी?" सरुबाईने विचारलं.

"सगळ्यांचे."

"दोनशे अडतीस व्हते, साहेब."

तो वळून पुन्हा केबिनमध्ये शिरला. दुपारपर्यंत सूचना लागली की हजेरीची नोंद नसल्याने ठेक्यावरच्या बायकांचं काम थांबवण्यात येत आहे, नवी भरती जूनमध्ये. मंगळवारी सरुबाई भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळी करून कंपनीत घेऊन आली. निकुंभांनी ते टेबलावर उलगडलं, एकेक महिना उलटून सावकाश पाहिलं आणि कुंदनला बोलावून घेतलं.

"बाई, हे दूधवाल्याच्या खाड्याचे ठिपके असतील. गव्हाणे, तुम्ही यातले जाणकार. याला रेकॉर्ड म्हणतात का?"

कुंदनसमोर त्याची मावशी उभी होती. तिने डोळ्यांनीसुद्धा ओळख दाखवली नाही. दिलेला शब्द ती तेव्हाही पाळत होती.

"नाही, सर," कुंदन म्हणाला.

घरी तीच त्याची समजूत काढायला लागली. "तू कशाला मान खाली घालतो रं? रोग आला, तुझ्या हाती काय व्हतं?" भाकरी वाढता वाढता ती मधेच थांबली. "लहानू म्हनत व्हता, वायर काढल्यावर डबा चांगला चालला. माझं नाव बी दिसलं म्हने."

"लहानूला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं," कुंदन म्हणाला आणि ताटावरून उठला.

आतापर्यंत जे केलं ते दुसऱ्याने मान पकडून करून घेतलं, असं म्हणता येईल. पुढचं त्याचं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता तो निकुंभांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "सर, लहानू गेटच्या कॉम्प्युटरवर बाहेरच्या गाण्यांच्या सीड्या लावायचा. रोग तिथूनच आला असेल." लहानूला सीडी कुठून आत घालतात हेही माहीत नव्हतं. आठवडा संपायच्या आत नोकरी जाऊन तो आपल्या गावच्या, सुरगाण्याच्या जीपमध्ये वळकटी घेऊन बसला. सोडायला कुणी गेलं नाही.

पंधरा मेला कुंदन कायम झाला. सरुबाईने पेढे वाटले. गल्लीतल्या बायकांना सांगत सुटली, एक तर एक, घरातलं कुणीतरी कायम झालं. ती आता दिवसभर घरीच होती, तेव्हा यंदा बऱ्याच वर्षांनी तिने कुरडयांचा घाट घातला. गच्चीवर खाटेवर धोतर पसरून कुरडया घातल्या आणि कावळे-चिमण्यांना भिवडवायला वर दोरी ताणली. दोरीला तिने कुंदनने आणलेल्या फुकट गेलेल्या सीड्या बांधल्या. वाऱ्याने त्या फिरत, ऊन चमके, पाखरं फिरकत नसत. पण त्या कमी पडल्या. ती खाली आली आणि पेढ्यांचा डबा ठेवायला म्हणून तिने कुंदनची पिशवी उघडली.

"कुंदन्या, ही बी एक हाय का रं फुकट गेलेली?"

तो दाढी करत होता. आरशात त्याला तिचा हात दिसला आणि हातातली सीडी. तिच्यावर त्याचंच अक्षर. सरुबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. "तीस लिहिलंय हिच्यावर. काय हाय हिच्यात?"

तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ती सीडी घेऊन त्रेचाळीस बायका कामगार ऑफिसात उभ्या राहिल्या असत्या, निकुंभांच्या तोंडचं पाणी पळालं असतं आणि कुंदनची आठ दिवसांची पक्की नोकरी गेली असती. वस्तरा त्याच्या गालावर थांबला. खिशात कायमचं पत्र होतं. तो ते अजून बरोबर घेऊन फिरायचा.

"काही नाही हिच्यात," तो म्हणाला. "बांध तू."

तिने दोरा ओवला, गच्चीवर गेली आणि मधोमध बांधली. मे संपेपर्यंत नाशकाचं ऊन त्या सीडीवर तापत राहिलं. कुंदन गच्चीवर गेला नाही, पण संध्याकाळी गल्लीत शिरताना तिची तिरीप त्याच्या तोंडावर यायची. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा ठरवलं, आज काढून आणतो. मग चार दिवसांनी ठरवलं. जून लागला तेव्हा तिच्या पाठीवरचा चंदेरी थर पापुद्र्यांनी सुटला होता आणि ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नऊ जूनला, बुधवारी, नवी ठिगळं आली. त्या महिन्याची यादी निकुंभांनी स्वतः केली. पहिला नंबर गेट. "आता ते स्वच्छ आहे, तसंच राहू दे," ते म्हणाले. "आणि या वेळी दोनशेला मला आठवण कर."

कुंदन गेटवर सीडी घेऊन उभा होता. नवा वॉचमन सलाम ठोकून बाजूला झाला. नव्या भरतीची रांग लागली होती. तोंडं तीच, कार्डं नवी. सरुबाईने कार्ड घासलं आणि पडद्याकडे मान वाकडी करून पाहिलं.

"लागला का दिवस, साहेब?"

"लागला, बाई."

"कितवा?"

"पहिला."

"चला. एक तर झाला." ती आत जायला निघाली, मग कुणी बघत नाही असं पाहून मागे आली आणि फडक्यात बांधलेला डबा हळूच टेबलावर ठेवला. "कुरडया तळल्यात. यंदा एक बी कावळ्यानं नाय नेली," ती कुजबुजली. "ती तुझी शेवटची चकती लय गुणाची निघाली रं."